उतारा साडेबारावरून साडेदहावर आला, मग आमच्या उसातली साखर गेली कुठं?

कृष्णाकाठची:

नमस्कार मंडळी. मी वाळवा तालुक्यातली. घरचा अडीच एकर ऊस, त्यात दीड एकर आडसाली आणि बाकीचा खोडवा. आबांना आता रानात जाणं झेपत नाही, म्हणून गेल्या वर्षापासून नोंदीपासून बिलापर्यंत सगळं मीच बघते.

कारखान्याची वार्षिक सभा सप्टेंबरात झाली. दरवर्षी अहवाल घरी येतो आणि कपाटावर पडून राहतो. यंदा मी तो पहिल्यांदा पानन् पान वाचला. त्यात मागच्या दहा हंगामांचा तक्ता आहे. सुरुवातीच्या वर्षांत साखर उतारा, म्हणजे शंभर किलो उसातून निघालेली साखर, १२.३, १२.४५ असा दिसतो. मग ११.६, मग ११, आणि २०२४-२५ ला १०.६३. आमच्या भागात ऊस तोच, बहुतेक ८६०३२ जातीचा आणि थोडा २६५ जातीचा. नदी तीच, रान तेच. मग ही पावणेदोन टक्के साखर गेली कुठं?

आबांचं म्हणणं, आधी काट्यात मारायचे, आता उताऱ्यात मारतात. चुलते म्हणतात, तसं काही नाही, साखर आता पेट्रोलमध्ये जाते. जेवताना दोघांचा यावरून इतका वाद झाला की आईनं ताटं उचलली.

खरंच देशातली किती साखर अशी खाण्याशिवाय दुसऱ्या कामाला जाते? हे वाढत चाललंय का? आणि मुख्य म्हणजे, जी साखर पोत्यात आलीच नाही, तिचे पैसे आम्हाला मिळतात का? पुढच्या सभेत मला उभं राहून विचारायचंय. बायका सभेला फारशा येत नाहीत, आल्या तर मागं बसतात. बोलायचं तर आकडा हातात धरूनच बोलायचं, असं ठरवलंय.


पॅनहाऊस:

ताई, तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं. मी ३४ वर्षं साखर कारखान्यात काढली. १९९० ला लॅब केमिस्ट म्हणून लागलो आणि २०२४ चा हंगाम संपवून मॅन्युफॅक्चरिंग केमिस्ट म्हणून निवृत्त झालो. एवढ्या वर्षांत उतारा कसा काढतात हे एकाही सभासदानं मला येऊन विचारलं नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो, कंटाळा करू नका.

चुलत्यांचं बरोबर आहे. तुमच्या उसातली ती साखर मळीबरोबर डिस्टिलरीत गेली आणि तिचं पेट्रोलमध्ये मिसळायचं अल्कोहोल, म्हणजे इथेनॉल झालं. पण आबांची शंकाही सोडून देऊ नका, तिच्याकडे शेवटी येतो.

आधी साखर बनते कशी ते बघा. रस आटवून सिरप होतं, ते पॅनमध्ये आणखी शिजवलं की दाणा धरतो. आमच्याकडे एक जुने पॅनमन होते. पॅनमधून चमचाभर माल काढायचे, काचेच्या पट्टीवर पसरायचे आणि दिव्यासमोर धरून दाणा बघायचे. आकडे नंतर लॅबमधून यायचे, त्यांना काचेवरच कळायचं. पहिल्या शिजवणीतली साखर काढून घेतली की जी मळी उरते ती 'ए'. ती पुन्हा शिजवायची, साखर काढायची, उरली ती 'बी'. तिसऱ्यांदा शिजवायची, उरली ती 'सी'. या सी-मळीत साखर असतेच, पण तिची शुद्धता, म्हणजे घन भागातला साखरेचा टक्का, तीसच्या आसपास आलेली असते, त्यातून दाणा काढणं परवडत नाही. पिढ्यान् पिढ्या आपले कारखाने या तिसऱ्या पायरीपर्यंत जात होते आणि त्या काळ्या सी-मळीपासूनच अल्कोहोल काढत होते.

२०१८ ला केंद्रानं नवं जैवइंधन धोरण आणलं. त्यात बी-मळीपासून आणि थेट उसाच्या रसापासूनही इथेनॉल काढायला परवानगी दिली आणि प्रत्येकाला वेगळा दर ठरवला. मग आम्ही दुसऱ्या पायरीवरच थांबायला लागलो. शुद्धता पन्नासच्या आसपास असलेली, म्हणजे चांगली साखर पोटात असलेली मळी सरळ डिस्टिलरीला. हीच बी-हेवी.

आमच्याकडे ज्या रात्री सी-सेंट्रिफ्युगल, म्हणजे तिसऱ्या शिजवणीतला दाणा मळीतून वेगळा करणारी मशिनं, बंद केली, ती रात्र मला अजून आठवते. सी-माल क्रिस्टलायझरमध्ये दिवसभर गार होत फिरायचा, मग त्या मशिनी रात्रभर घरघरायच्या. पॅनहाऊसमध्ये बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागायचं. त्या रात्री खालून पंपाचा आवाज ऐकू येत होता. तिथल्या चार पोरांना दुसऱ्या दिवशी डिस्टिलरीत बदली दिली.

आता हिशोब. १२ टक्के उताऱ्याचा एक टन ऊस घ्या. सी-पर्यंत गेलात तर १२० किलो साखर आणि मळीतून साधारण साडेदहा लिटर इथेनॉल. बी-वर थांबलात तर १०५ किलो साखर आणि २० लिटर इथेनॉल. म्हणजे १५ किलो साखर सोडली आणि साडेनऊ लिटर इथेनॉल जास्त मिळालं. एक टन साखरेचं सुमारे ६०० लिटर इथेनॉल होतं असा जो ढोबळ हिशोब धरतात, तो इथे बसतो. तुमच्या अहवालातली घट मुख्यतः ही १५ किलो. थेट रस किंवा सिरप डिस्टिलरीला दिलं तर त्या उसाची साखरच होत नाही, त्याचं ७५-८० लिटर इथेनॉलच होतं.

कारखाने असं का करतात, तेही समजून घ्या. २०२४-२५ ला बी-हेवी इथेनॉलचा दर लिटरला ६० रुपये ७३ पैसे होता, सी-हेवीचा म्हणजे सी-मळीच्या इथेनॉलचा ५७ रुपये ९७ पैसे. वरच्या हिशोबात हे दर घाला. साखर ३५ रुपये किलोनं विकली जात असेल, तर सी-मार्गानं टनाला सुमारे ४८०९ रुपये येतात आणि बी-मार्गानं ४८९०. फरक ८१ रुपये, फार वाटत नाही. पण साखर गोदामात पडून राहते, दर महिन्याला केंद्र जेवढा कोटा देईल तेवढीच विकता येते आणि तोवर बँकेचं व्याज चालू असतं. इथेनॉलचे पैसे तेल कंपन्यांकडून तीन आठवड्यांत येतात. उसाचं बिल १४ दिवसांत द्यायचं असतं. ज्यानं कारखान्याची रोकड सांभाळली आहे, त्याला हे तीन आठवडे म्हणजे काय ते विचारा. साखर ४० रुपयांच्या वर गेली की मात्र हाच हिशोब उलटतो. म्हणून दरवर्षी साखर किती आणि इथेनॉल किती हे बदलतं.

देशाचं चित्र असं. २०१८-१९ ला इथेनॉलकडे वळलेली साखर होती ३.३७ लाख टन. पुढच्या वर्षी ९.२६ लाख, मग २२ लाख, २०२१-२२ ला ३६ लाख आणि २०२२-२३ ला ४३ लाख टनांच्या आसपास. त्या वर्षी देशात जेवढी साखर होऊ शकली असती, तिच्यातल्या नऊ किलोंमागे एक किलो इंधनात गेली. देशाचं खाणं वर्षाला २८० लाख टनांच्या घरात आहे, त्यावरून अंदाज घ्या. पेट्रोलमधलं इथेनॉलचं मिश्रण २०१३-१४ ला दीड टक्का होतं, ते जून २०२२ ला १० टक्क्यांवर गेलं आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर.

पण ही चढण सरळ नाही. २०२३ चा ऑगस्ट देशात शंभर वर्षांहून जास्त काळातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता. ऊस वाळला, साखर कमी पडेल अशी भीती पसरली, निवडणूक तोंडावर. ७ डिसेंबरला, गुरुवार होता, आदेश आला की उसाचा रस आणि सिरप इथेनॉलला वापरायचं नाही, आत्तापासून. हंगाम भरात होता. सिरपची लाइन डिस्टिलरीकडे चालू, फर्मेंटर भरलेले. मी स्वतः खाली जाऊन व्हॉल्व्ह फिरवायला सांगितला आणि सगळं सिरप पॅनकडे घेतलं. पॅन तेवढ्या मालाला पुरेनात, गाळप कमी करावं लागलं. बाहेर गाड्यांची रांग वाढली, बैलगाडीवाले रात्रभर थंडीत बसून. ऊस गाडीत वाळतो तेव्हा वजन शेतकऱ्याचं घटतं. आठ दिवसांनी, १५ डिसेंबरला, केंद्रानं १७ लाख टन साखरेपुरती मोकळीक दिली. पण तोवर ज्यांनी फक्त सिरपच्या भरवशावर डिस्टिलरी उभ्या केल्या होत्या, त्यांचं वेळापत्रक मोडलं होतं. बी-मळीच्या टाक्या तर उन्हाळ्यापर्यंत तशाच भरून राहिल्या. बंदी पूर्ण उठली ती ऑगस्ट २०२४ च्या शेवटी. २०२३-२४ ला वळलेली साखर आदल्या वर्षाच्या जवळपास निम्म्यावर आली. २०२४-२५ ला ती पुन्हा ३५ लाख टनांच्या आसपास गेली.

या प्रकरणाचा मला आजही राग आहे. डिस्टिलऱ्या उभ्या करा म्हणून २०१८ पासून केंद्रानंच व्याजात सवलत दिली. सभासदांच्या ठेवी तारण ठेवून कर्जं काढली गेली. आणि बदल करताना हंगाम संपायची वाट बघितली नाही. साखर कमी पडणार असेल तर लोकांच्या चहाला आधी साखर, हे मला मान्य आहे. पण ऑक्टोबरात, मोळी टाकायच्या आधी सांगता आलं असतं.

ब्राझीलचं नेहमी उदाहरण देतात. तिथं १९७५ पासून हे चालू आहे, उसाचा जवळपास निम्मा भाग इथेनॉलला जातो आणि १ ऑगस्ट २०२५ पासून मिश्रण ३० टक्के केलंय. तिथला कारखानदार साखरेचा आणि इथेनॉलचा भाव बघून स्वतः ठरवतो. आपल्याकडे इथेनॉलचा दर सरकार ठरवतं, साखरेचा किमान दर सरकार ठरवतं, उसाचा दरही सरकारच ठरवतं. साखरेचा किमान विक्री दर फेब्रुवारी २०१९ ला ३१ रुपये झाला, तो २०२५ मध्येही तिथंच होता. बी-हेवीचा दरही २०२२-२३ पासून २०२५ पर्यंत जागचा हलला नाही. एफआरपी, म्हणजे केंद्रानं ठरवलेली उसाची किमान किंमत, मात्र २०२२-२३ ते २०२५-२६ या काळात क्विंटलला ३०५ वरून ३५५ झाली. ती वाढायलाच हवी होती, पण मधला भार कुठून निघणार याचं उत्तर कोणी देत नाही.

आता आबांची शंका. एफआरपी उताऱ्यावर ठरते. २०२५-२६ साठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये आणि त्यावरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे. हा उतारा मागच्या हंगामाचा धरायचा. मधे राज्यानं चालू हंगामाचा उतारा धरून दोन टप्प्यांत देण्याचा आदेश काढला होता, तो मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं रद्द केला. म्हणजे तुमच्या अहवालातला २०२४-२५ चा आकडाच २०२५-२६ चा दर ठरवणार. दीड टक्का उतारा कागदावरून गेला तर टनाला ५१९ रुपये गेले. एकरी ४० टन धरा, २०,७६० रुपये.

म्हणून नियम असा आहे की बी-हेवी आणि सिरपमुळे जी साखर बनली नाही, ती उताऱ्यात परत मिळवायची आणि मग एफआरपी काढायची. आपल्या राज्यात ही घट किती हे मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटकडून प्रमाणित करून घेतात आणि पुण्याच्या साखर आयुक्तालयाला देतात. तुमच्या अहवालात १०.६३ हा 'पोत्यातला' उतारा असणार. त्याच्या आसपास कुठेतरी 'उताऱ्यातील घट' किंवा 'एकूण उतारा' असं छापलेलं असायला हवं. ते शोधा. नसेल तर सभेत उभं राहायचं कारण तुम्हाला मिळालं.


महाडकर:

पॅनहाऊस काकांनी इंधनाचं सगळं सांगितलं, पण खाण्याबाहेरची साखर म्हणजे फक्त पेट्रोल नाही, एवढं जोडतो. मी महाड एमआयडीसीत अल्कोहोलपासून रसायनं बनवणाऱ्या प्लांटमध्ये शिफ्ट इन्चार्ज आहे. मळीतून अल्कोहोल, अल्कोहोलपासून ॲसिटाल्डिहाइड, त्यापासून ॲसेटिक ॲसिड, आणि ॲसेटिक ॲसिड व अल्कोहोल मिळून इथाइल ॲसिटेट. बिस्किटाच्या पुड्यावरची छपाई, लाकडाचं पॉलिश, गोळ्या-औषधांचे कारखाने, सगळीकडे ते लागतं. इथाइल ॲसिटेटचा वास माहीत नाही असा माणूस नसेल, नेलपॉलिश उघडलं की येतो तो. नीरा, साकरवाडी, महाड हा पट्टा उभा राहिला तो साखर कारखान्यांच्या मळीवर. बेकरीचं यीस्टसुद्धा मळीवरच वाढवतात.

पेट्रोलमध्ये अल्कोहोल घालायचा विचारही नवा नाही. १९४८ मध्येच आपल्याकडे पॉवर अल्कोहोलचा कायदा झाला होता. तो नीट अमलात आलाच नाही आणि २००० मध्ये रद्द झाला. मधल्या पन्नास वर्षांत मळी स्वस्त होती, ती आमच्या उद्योगाला मिळत राहिली.

आता तेल कंपन्या चांगला दर देतात, त्यामुळे आमचा माल आधी तिकडे जातो. आमच्या प्लांटला आता बाहेरून आलेलं अल्कोहोल लागतं, अमेरिकेतल्या मक्याचं. टँकर जेएनपीटीवरून येतो. रात्रपाळीला त्याचं सॅम्पल घेताना दरवेळी मनात येतं, इथून शंभर किलोमीटरवर उसाची रानं आहेत आणि आपण अर्ध्या जगाचा फेरा मारून आलेलं अल्कोहोल ओततोय. देशाला इंधन हवं, हे कळतं. पण लिटरमागे रोजगार मोजायचा झाला, तर रसायन उद्योगात तो जास्त आहे असं माझं ठाम मत आहे. मळीचं वाटप करताना आमचा हिस्सा कोणी विचारतच नाही.

आणि २०२० चा मार्च विसरू नका. सॅनिटायझर मिळत नव्हतं तेव्हा कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांनी आठ-दहा दिवसांत ते बनवायला घेतलं. आमच्या गावच्या दवाखान्यात पहिला पाच लिटरचा कॅन आला तो साखर कारखान्याचा होता.


औसा_सोयाबीन:

उसाच्या धाग्यात सोयाबीनवाल्यानं का बोलावं, असं वाटेल. पण याचा धक्का आमच्यापर्यंत आलाय.

डिसेंबर २०२३ ला उसाचा रस बंद झाला तेव्हा मिश्रण तर वाढवायचंच होतं. मग ती जागा मक्यानं घेतली. मक्याच्या इथेनॉलला लिटरला ७१ रुपये ८६ पैसे, उसाच्या कुठल्याही प्रकारापेक्षा जास्त. मका निर्यात करणारा आपला देश २०२४ मध्ये म्यानमार आणि युक्रेनकडून मका आणायला लागला. मक्याला भाव आला, त्याचा आनंदच आहे, मकावालाही शेतकरीच आहे. पण मक्याचं इथेनॉल काढल्यावर जो प्रथिनांचा चोथा उरतो, डीडीजीएस म्हणतात त्याला, तो कोंबडीखाद्यात सोयाबीन पेंडीपेक्षा स्वस्तात जातो. पेंडीला उठाव नाही म्हटल्यावर सोयाबीनला कोण भाव देणार? तेलाच्या आयातीचंही कारण आहे, ते मी नाकारत नाही. हमीभाव ४८९२ होता, मी लातूरच्या आडतीत ४१०० नं घातलं. त्याआधी हमीभाव केंद्रावर नंबर लागला तेव्हा ओलावा जास्त म्हणून परत पाठवलं होतं. ट्रॅक्टरचं भाडं दोनदा दिलं. घरी आल्यावर बायकोनं पोत्यात हात घालून दाणा दातानं फोडून बघितला, कडक होता.

साखर पोत्यातून टाकीत गेली, टाकीतून मक्यावर आली, मक्यातून आमच्या सोयाबीनवर आली. धोरण ठरवणाऱ्यांनी या तिन्ही पिकांचा कागद एकत्र ठेवून बघावा, एवढंच मागणं आहे.


पॅनहाऊस:

औसेकर दादा, तुमचं म्हणणं पटतं. यंदाच्या वाटपातही तेच दिसतं. २०२५-२६ साठी तेल कंपन्यांनी सुमारे १०४८ कोटी लिटर इथेनॉलचं वाटप केलं, त्यात उसापासूनचं फक्त २८९ कोटी लिटर. बाकी धान्याचं, त्यातही मोठा वाटा मक्याचा. पाच-सहा वर्षांपूर्वी हे इथेनॉल जवळजवळ सगळं उसाचं होतं. यंदा ऊस चांगला आहे, डिस्टिलऱ्या तयार आहेत आणि उसाच्या इथेनॉलला मागणीच कमी. म्हणजे ताईंनी विचारलं तसं, वाढत चाललंय का, तर क्षमता वाढली, पण वळणारी साखर आता ऊस किती आहे यापेक्षा दिल्लीत कुठल्या पिकाला किती वाटा मिळतो यावर ठरते.

महाडकर, रसायनांबद्दल बरोबर बोललात. आमच्याकडून पूर्वी टँकर तिकडेच जायचे.


कृष्णाकाठची:

सापडलं! सांगते.

अहवालाच्या ४१ व्या पानावर, ताळेबंदाच्याही पुढे, उत्पादन खात्याच्या टिपांमध्ये बारीक अक्षरात एक ओळ आहे. 'बी-हेवी मळी व सिरप वापरामुळे साखर उताऱ्यातील प्रमाणित घट १.४८, एकूण उतारा १२.११.' तक्त्यात मात्र १०.६३ च छापलंय. आबांना ती ओळ वाचून दाखवली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि मला म्हणाले, परत वाच. मग विचारलं, "मग हे पुढच्या पानावर मोठ्या अक्षरात का नाही?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

काका, तुमच्या सूत्रानं मी मांडलं. १२.११ मधून १०.२५ वजा केले, १.८६. म्हणजे ०.१ चे १८.६ टप्पे, गुणिले ३.४६, आले ६४ रुपये ३६ पैसे. क्विंटलला ४१९ रुपये ३६ पैसे, टनाला ४१९३ रुपये ६० पैसे. यातून तोडणी-वाहतूक वजा जाणार. १०.६३ नं मांडलं तर टनाला ३६८१ रुपयांच्या आसपासच येतात. बरोबर आहे का? आणि १.४८ हा आकडा तरी खरा आहे का, हे मी घरबसल्या तपासू शकते का?


पॅनहाऊस:

एकदम बरोबर मांडलंत. टनाला ५१२ रुपयांचा फरक आहे, आणि तुमच्या कारखान्यानं निदान कागदावर तरी तो तुमच्या बाजूनं धरलेला दिसतोय. पहिली उचल, म्हणजे बिलाचा पहिला हप्ता, जाहीर होईल तेव्हा त्यात तोडणी-वाहतुकीची रक्कम मिळवा आणि ४१९३ शी ताडून बघा. तोडणी-वाहतूक टनाला किती धरली तेही विचारा, खरी गळती बऱ्याचदा तिथं असते. लांबच्या गटातून ऊस आणला की त्याचा खर्च जवळच्या सभासदावरही सरासरीनं पडतो.

१.४८ तपासता येतो. हंगाम संपल्यावर प्रत्येक कारखाना अंतिम उत्पादन पत्रक भरतो, त्याला आम्ही आरटी-८ सी म्हणतो. त्याची प्रत सभासद म्हणून मागा, लेखी अर्ज द्या, आवक क्रमांक घ्या. त्यात तीन ठिकाणी बघा. एक म्हणजे बी-हेवी मळी उसाच्या किती टक्के निघाली. संपूर्ण हंगाम बी-हेवीवर चालला असेल तर हा आकडा साडेसहा ते सातच्या दरम्यान असतो आणि उताऱ्यातली घट दीडच्या आसपास येते, तुमचा १.४८ त्यात बसतो. दुसरं, सी-मळी किती निघाली. ती बरीच दिसत असेल तर हंगामाचा काही भाग सी-वर चालला असणार, मग घट कमी यायला हवी. तिसरं, सिरप डिस्टिलरीला किती टन दिलं. हे तीन आकडे आणि १.४८ एकमेकांशी जुळले पाहिजेत. पत्रकाचा फोटो इथे टाका, कारखान्याचं नाव झाकून. मी रात्री बसून ताडून देतो.

शेतकी ऑफिसला जाऊ नका, ते तुम्हाला लॅबकडे पाठवतील आणि लॅब म्हणेल एमडी साहेबांना विचारा. अर्ज थेट कार्यकारी संचालकांच्या नावानं द्या.


कृष्णाकाठची:

अर्ज आज सकाळी दिला. आवक शिक्का मारणाऱ्या क्लार्कनं दोनदा विचारलं, "हे पत्रक तुम्हाला कशाला पाहिजे?" मी म्हटलं, आमच्या अडीच एकरातली १.४८ टक्के साखर बघायची आहे. त्यानं शिक्का मारला. आबा बाहेर बाकावर बसले होते, येताना शिक्क्याची प्रत त्यांनी खिशात ठेवून घेतली. पत्रक हातात आलं की इथेच टाकते.